नलूचं चांगलं कोलेस्टेरॉल

रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला तेव्हा घरात माझ्या बायकोचे, नलूचे, दिवस चालले होते. बैठकीत सतरंजी अंथरलेली, कोपऱ्यात दिवा, आणि नात्यातली चार माणसं चहाचे कप हातात धरून हळू आवाजात बोलत बसलेली. फोन वाजला. आमच्या मुलीनं, मुग्धानं, तो उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, लॅबवाल्यांचं काही आलंय बाबा. दिवाळीनंतर पाटणकर बाजारातल्या लॅबमध्ये आम्ही दोघांनी बरोबरच रक्त दिलं होतं. माझा रिपोर्ट लगेच आला होता, नलूचा कुठे अडकला होता कोण जाणे. मी तो उघडला. सवयीनं नजर आधी एचडीएलवर गेली, म्हणजे चांगल्या कोलेस्टेरॉलवर. भरघोस! माझ्या जवळजवळ दुप्पट. लाल खूण एकही नाही. खाली मशीननं आपलं ठरलेलं वाक्य छापलं होतं की हृदयाच्या दृष्टीनं हे प्रमाण उत्तम आहे. हृदय बंद पडून गेलेल्या बाईचा रिपोर्ट हा. मला हसू फुटलं आणि ते काही केल्या आवरेना, म्हणून मी उठून आत गेलो. लोकांना वाटलं, रडायला गेला. तेही खरंच होतं.

मी आयुष्यभर कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं. आकड्यांवरच पोट भरलं. त्यामुळे आता आकड्यांविषयी काही वाईटसाईट बोललो तर खाल्ल्या मिठाला जागत नाही असं होईल, म्हणून जपून लिहितो. पण नलूविषयी लिहायला बसलो की तो एक आकडा मध्ये मध्ये येतोच, त्याला माझा इलाज नाही. तिलाही चाललं नसतं तो वगळलेला.

नलू ग्वाल्हेरमध्ये बिडलानगरच्या एका शाळेत खेळ शिकवायची. तिथली कापड मिल बंद पडल्यानंतरचे दिवस. शाळेत येणाऱ्या मुलींच्या घरी कुणाचे वडील रिक्षा चालवायला लागलेले, कुणाचे घरीच बसलेले. मैदान म्हणजे ढेकळं आणि बाभळीचे काटे. त्या मैदानावर हिनं खो-खोचा संघ उभा केला. गळ्यात शिट्टी, साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, आणि तोंडात अस्सल ग्वाल्हेरी हिंदी. आमच्याकडे मराठी माणसाची हीच गंमत आहे, देवापुढे मराठी आणि रागावताना हिंदी. माझ्या आईला सुनेचे ते बूट मुळीच आवडायचे नाहीत. दारात काढलेले बूट पाहून शेजारणी विचारायच्या, कोण पाहुणे आलेत? आई म्हणायची, पाहुणे कसले, आमची सूनबाई आली शाळेतून. पुढे पुढे तीच शेजारणींना कौतुकानं सांगायला लागली की आमची नलू भिंतीला हात न लावता एका दमात जिना चढते.

आणि खरंच चढायची. दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरात ती चालते आहे असं मला कधी वाटलंच नाही, ती नेहमी कुठून तरी कुठे तरी निघालेली असायची. मी खुर्चीतला माणूस. पेपर तपासायचे, चहा मागायचा, पुन्हा पेपर तपासायचे. ती मला ‘प्रोफेसर’ म्हणायची, तेही चिडवायला. चारचौघांत मात्र ‘अहो’. भाजी आणायला निघालो तर माझ्या पुढे दहा पावलं चालायची आणि मग कोपऱ्यावर थांबून, कमरेवर हात ठेवून, माझ्याकडे असं बघायची की जणू मी तिच्या संघातून नाव कमी करण्याच्या लायकीची मुलगी आहे.

मुग्धा बारावीत असताना नलूच्या बोटांची पेरं सुजायला लागली. आधी वाटलं, चेंडू लागला असेल. मग मनगटं, मग गुडघे, मग तळपाय. डॉक्टरांनी नाव सांगितलं रूमेटॉइड, आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो. शरीराची राखण करणारी शक्तीच भ्रमिष्टासारखी आपल्याच सांध्यांवर उलटते आणि आतल्या आत दाह चालू राहतो, असं त्यांनी समजावलं. औषधं सुरू झाली. काही लागू पडली, काही सोडावी लागली. त्या काळात नलू काय करायची तर शाळेत काहीच सांगायची नाही. शिट्टी वाजवून मुलींना पळवायची आणि स्वतः एका जागी उभी राहायची. पण मुलींना काय कळत नाही? एक दिवस मुख्याध्यापिकाबाईंनी तिला बोलावून मोठ्या प्रेमानं वेळापत्रकं करायचं काम दिलं आणि मैदानावर नवी बाई आली. कॅनव्हासचे बूट नलूनं त्या दिवशी घरी येऊन स्वतः धुतले, गच्चीवर वाळवले आणि कामवालीच्या मुलीला देऊन टाकले. मी विचारलं तर म्हणाली, तिला बरोबर मापाचे झाले.

त्यानंतर पाळी माझी आली. एका दुपारी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या छातीवर कुणी तरी बसलं. अँजिओग्राफी, स्टेंट, सगळं यथासांग झालं. आणि नलूला पुन्हा एक संघ मिळाला... एका खेळाडूचा. तिनं माझं हृदय असं हातात घेतलं की विचारू नका. तळण बंद. तेल बदललं. शेजारच्या भदौरिया भाभी भिंडहून गावाकडचं तूप आणायच्या, पिवळंधमक, दाणेदार. ते डबे नलू त्यांच्या तोंडावर परत करायची आणि वर सांगायची, भाभी, इनको मत दिखाओ. सकाळी मला चालायला धाडायची. स्वतःला चालवत नव्हतं तर फाटकाशी उभी राहून मी खरंच कोपरा ओलांडतो की कट्ट्यावर बसतो ते बघायची. मी बसायचो, हे तिला माहीत होतं.

त्याच वर्षी आमची ती पद्धत पडली. दिवाळीचा फराळ संपला, चकलीच्या डब्यात तळाशी चुरा उरला, की दोघांनी उपाशीपोटी पाटणकर बाजारात जायचं, रक्त द्यायचं, आणि बाहेर पडून बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलेबी खायची. वर्षातलं तेवढं एक तळण मला माफ होतं. रिपोर्ट आले की जेवणाच्या टेबलावर समोरासमोर ठेवायचे. माझं एचडीएल कायम तळाला. तिचं आकाशाला भिडलेलं. पहिल्या वर्षी तो आकडा पाहून ती केवढी खूश झाली! कॉलनीभर सांगून आली. पुढे तर दर वर्षी रिपोर्ट आला की बायका तिला विचारायच्या, नलिनीजी, यंदा किती? एखादीचा मुलगा शिष्यवृत्तीला बसावा आणि बायकांनी निकाल विचारावा तसं. पंधरा-वीस वर्षं मैदानावर पळाल्याचं हे व्याज आहे, असं ती म्हणायची.

चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे काय, हे ती बायकांना माझ्या डॉक्टरांपेक्षा छान समजावून सांगायची. मॅच संपते ना, तेव्हा निम्म्या मुली पाणी प्यायला पळतात. पण चार शहाण्या मुली मागे थांबतात, खांब उपटतात, दोऱ्या गुंडाळतात आणि सगळं सामान स्टोअररूममध्ये नेऊन ठेवतात. एचडीएल म्हणजे त्या चार मुली. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकलेली चरबी उचलायची आणि यकृताकडे पोचवायची. नुसतं एवढंच नाही, भिंतीला सूज येऊ लागली तर तीही शांत करायची. ‘यांच्याकडे त्या मुलीच नाहीत,’ माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणायची, ‘सगळ्या पाणी प्यायला गेल्यात.’ बायका हसायच्या. मीही हसायचो.

माझ्या तपासणीला दर खेपेला ती बरोबर यायची. आमचे हृदयाचे डॉक्टर तरुण, शांत, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी माझा कागद बाजूला ठेवला आणि तिच्या हातांकडे बघायला लागले. बोटं वाकडी होऊन बाहेरच्या अंगाला झुकलेली. हे किती वर्षांपासून, औषध काय, जिने चढताना धाप लागते का, असं त्यांनी एकेक विचारलं. नलूनं उत्तरं देता देता पर्समधून मागच्या दिवाळीचा रिपोर्ट काढला. तो तिच्या पर्समध्येच असायचा. तिनं तो त्यांच्यासमोर ठेवला आणि खांब उपटणाऱ्या मुलींची सगळी कथा त्यांना सांगितली. डॉक्टर मनापासून हसले. मग म्हणाले, "मॅडम, हाजिरी तो पूरी है. काम हो रहा है कि नहीं, ये इस कागज से पता नहीं चलता."

मग त्यांनी समजावलं. आमवातासारखा दाह शरीरात वर्षानुवर्षं धुमसत असेल तर चांगलं कोलेस्टेरॉलही कधी कधी बदलतं. संख्या तीच राहते, पण त्याची घडण बिघडते. चरबी उचलायचं काम मंदावतं, आणि सूज शांत करण्याऐवजी काही वेळा ते सुजेलाच सामील होतं. नेहमीच्या तपासणीत ते किती आहे एवढंच मोजतात, कसं आहे ते नाही. शिवाय ज्यांना हा आजार आहे त्यांच्या हृदयाला मुळातच धोका जास्त, आणि बायकांमध्ये तो ओळखू येत नाही. छातीत कळ येईलच असं नाही, नुसता थकवा येतो, जबडा दुखतो, खांदा दुखतो. सांधेदुखीच्या माणसाला खांदा दुखला तर तो हृदयाकडे कशाला बघेल? ते शांतपणे बोलत होते. एकदा हृदयाची नीट तपासणी करून घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मला सगळं लखलखीत कळलं. आकडा म्हणजे माल नव्हे, हे वर्गात मी स्वतः ओरडून सांगत आलो होतो. नलूनं मात्र रिपोर्टची घडी करून तो पर्समध्ये ठेवला. ऑटोत बसलो. मी आपला प्रोफेसरासारखा सुरू झालो, की बघ, सरासरी वेगळी, गुणवत्ता वेगळी... तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं.

"सगळं गेलं हो माझं. पळणं गेलं, शाळा गेली, आता स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नाही. वर्षातून एकदा तो कागद मला पास करतो. तेवढं तरी राहू द्या ना."

ऑटो लष्कर भागातल्या बाजाराच्या गर्दीत अडकला होता. मागून हॉर्न वाजत होते. त्या गोंगाटात मला पहिल्यांदा समजलं की मी ज्याला रिपोर्ट म्हणत होतो ते तिचं शेवटचं मेडल होतं. आणि मी आणि तो भला डॉक्टर, दोघं मिळून ते तिच्या गळ्यातून काढायला निघालो होतो.

तरी मी भांडलो. अगदी कडकडून भांडलो. रोज. माझा स्वभाव मुळात किरकिरा, त्यात भीती बसलेली. मुग्धा नोएडाहून फोनवर तिला समजवायची, ‘आई, चलो ना यार, एक टेस्ट ही तो है,’ आणि नलू तिलाच उलट विचारायची की तू रात्रीचं जेवण बाहेरून किती वेळा मागवतेस. पितृपक्षात चांगल्या कामाला हात लावायचा नाही म्हणाली. नवरात्रात उपास आहेत म्हणाली. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आली ती पायरीवरच बसली. दम लागला होता. मी काही बोलायच्या आत तिनंच सांगितलं, बरं, येते तुमच्या डॉक्टरकडे. पण आधी आपली दिवाळीनंतरची तपासणी होऊ दे. एकदा शेवटचं तुम्हाला हरवते, मग न्या कुठे न्यायचं तिथे. एकदा हृदयाची पेशंट झाले की मग काय उरली मजा?

हा असा सौदा फक्त तीच करू शकत होती. मी कबूल झालो, कारण निदान तारीख तरी पदरात पडली. दिवाळी झाली. आम्ही पाटणकर बाजारात रक्त दिलं. बेडई खाल्ली. तिनं जिलेबीचं एक कडं माझ्या पानातून उचललं. पुढच्या आठवड्यातली डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवली होती, आणि या खेपेला तिनं ती स्वतः कॅलेंडरवर लाल शाईनं लिहिली होती.

ती वेळ आलीच नाही. दोन दिवस तिचा डावा खांदा दुखत होता. थंडी पडायला लागली की तो दुखायचाच, दर वर्षी. तिनं बाम लावला. दुपारी जेवण झालं, उन्हात खुर्ची टाकून मेथी निवडायला बसली. मी आत पेपर वाचत होतो. तिनं हाक मारून सांगितलं की जरा गळून गेल्यासारखं वाटतंय, पाणी द्या. मी पाणी घेऊन बाहेर आलो, तर मांडीवर मेथीची जुडी तशीच होती आणि मान एका बाजूला कलली होती. भदौरिया भाभींच्या मुलानं गाडी काढली. आम्ही दवाखान्यात पोचलो, त्यांनी सगळे प्रयत्न केले... काही उपयोग झाला नाही.

दिवस संपल्यावर मी एकटा त्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणीला नाही, विचारायला. उन्हाळ्यातच तपासणी झाली असती तर? त्यांनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. म्हणाले, कदाचित सापडलं असतं, कदाचित नाही. तिच्या चांगल्या कोलेस्टेरॉलचं काम खरंच बिघडलं होतं की नाही हेही आता सांगता येणार नाही, तो कागद तेवढं बोलत नाही. मला वाटलं होतं, काही तरी ठाम ऐकून मी घरी येईन. तसाच परत आलो. जाता जाता एवढं मात्र लिहून ठेवतो. ज्यांच्या घरी कुणाला आमवात आहे त्यांनी नुसते सांधे बघू नयेत, हृदयही बघून घ्यावं. आणि चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. नलूला हे मी सांगितलेलं आवडलं नसतं. पण आता ती भांडायला येत नाही, म्हणून मी बोलून घेतो.

भेटायला येणारे म्हणतात, पुण्यवान होती, कुणाला त्रास न देता गेली. त्यांचा हेतू चांगला असतो, पण मला संताप येतो. तिनं त्रास न देता जावं अशी माझी काय मागणी होती? तिनं अंथरुणाला खिळावं, माझ्यावर खेकसावं, डाळीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवावं, मी ते सगळं सोसलं असतं. मला तिचा त्रास हवा होता, अजून पुष्कळ वर्षं. स्वार्थी म्हणा हवं तर. मला नलू हवी आहे.

मुग्धा महिनाभर राहून परत गेली. रोज फोन करते. बाबा, सकाळी उठून काय करता, फिरायला जाता ना? मी हो म्हणतो. जात नाही. आमवाताच्या माणसाची सकाळ कशी असते ते ज्यांच्या घरी तो आहे त्यांनाच माहीत. रात्रभरात बोटं मुठीत आवळून जातात आणि उठल्यावर उघडत नाहीत. मी उजाडायच्या सुमारास पातेल्यात पाणी कोमट करून आणायचो आणि पलंगाच्या कडेला बसून तिचे दोन्ही हात त्यात धरायचो. मग एकेक बोट सोडवायचो, करंगळीपासून. जोर लावायचा नाही, घाई करायची नाही. ती डोळे मिटून असायची, मधेच कालच्या कुठल्या तरी गोष्टीवरून मला टोचायची. अंगणात ऊन उतरेपर्यंत आमचं हे चालायचं आणि मग ती म्हणायची, झालं, उठा आता.

आता जाग त्याच वेळेला येते. पातेलं वगैरे मी काही घेत नाही, एवढं वेड लागलेलं नाही. पलंगाच्या कडेला नुसता बसतो. तिची बोटं सुटायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ जातो. त्याआधी मला उठवत नाही.